रकान्यातलं 'होय'

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या शाळेतल्या आताच्या शिक्षकांना तुमचं नावही ठाऊक नाही. काल माझ्या नातीचा पासपोर्ट टपालानं आला. तिनं पाकीट फोडलं, फोटो वाईट आलाय म्हणून नाक मुरडलं, ते पुस्तक टेबलावर टाकलं आणि जेवायला बसली. मी मात्र ते हातात घेऊन बसून राहिलो. मला तुमचं स्वयंपाकघर आठवत होतं.

तुम्ही उकिडवे बसून स्टोव्हला पिन करताय आणि मी दारातूनच ओरडतोय. हातात पासपोर्ट ऑफिसचं पत्र आहे, अर्ज नामंजूर. आखातात वेल्डरची नोकरी ठरलेली, आयनं सगळ्या आळीला सांगून टाकलेलं, आणि हे पत्र. "तुमच्या सहीनं माझा घात केला," असं मी तुम्हाला म्हणालो. तुम्हाला, ज्यांनी माझा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं! सही होती पंचनाम्यावरची. नव्या शहरासाठी आमच्या खाडीकाठच्या जमिनी घ्यायचं ठरलं, मोजणीदार आले, आणि माझं डोकं फिरलं. ते जेवायला गेले तेव्हा त्यांची मोजणीची लोखंडी साखळी उचलून मी भरल्या खाडीत फेकली. पोलीस आले. गावातला प्रतिष्ठित माणूस म्हणून पंच केलं तुम्हाला. हवालदारानं विचारलं, "कोणी फेकली?" कोणालाच ठाऊक नव्हतं. मी पुढे होऊन म्हणालो, "मीच." तेवढ्यावर उरणच्या कोर्टात खटला उभा राहिला, आणि वर्षं गेली तरी नुसत्या तारखा पडत होत्या.

तुम्ही चिडला नाहीत. धोतरालाच हात पुसलेत आणि म्हणालात, "वाच." पत्र मी वाचलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. अर्जदारावर फौजदारी खटला प्रलंबित असल्यामुळे, अमुक कायदा, अमुक कलम. तुम्ही माझ्याकडे असे बघत राहिलात, जसा काही मी वर्गात पहिला आलोय. "अरे, त्यांनी कारण दिलंय," म्हणालात. "जमीन घेताना तुझ्या बापाला कोणी कारण सांगितलं? इथे सांगावं लागलंय. लेखी!"

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला. पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही उरणला चालत जाऊन एका वकिलाकडून कायद्याचं पुस्तक मागून आणलंत आणि चुलीशेजारी बसवून मला ते मोठ्यानं वाचायला लावलंत. अडलं तिथे तुम्ही मराठीत सांगायचात. पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येतो ती सगळी तिथे होती. देशाच्या अखंडतेला धोका असेल, सुरक्षिततेला धोका असेल, परदेशाशी असलेल्या मैत्रीला बाधा येणार असेल. आमचं शेजारच्या घराशी पटत नव्हतं, आणि माझ्यामुळे दोन देशांचं बिघडू शकतं असं सरकारला वाटू शकतं, हे वाचून मला हसू आलं. मग लाजिरवाण्या गुन्ह्याची शिक्षा, वॉरंट, आणि माझं कलम, चालू खटला. "ही कारणं सोडून दुसरं कारण त्यांना नाही," तुम्ही म्हणालात. "साहेबाची मर्जी नाही, हे कारण यात दिसतंय का तुला?" मी पान उलटून पाहिलं. खरंच नव्हतं. गुरुजी, देवळात मी पुष्कळदा हात जोडलेत, पण अंगावर काटा आला तो त्या छापील पानानं. एवढं मोठं सरकार, आणि माझ्यासारख्याला अडवायचं तर त्याला बोट ठेवून ओळ दाखवावी लागते!

मग तुम्ही विचारलंत, "फॉर्मात खटल्याचा रकाना होता ना? काय लिहिलंस?" मी मान खाली घातली. एजंट म्हणाला होता, "'नाही' लिव बिनधास्त, कोन बघतो?" आणि मी 'नाही' लिहिलं होतं. तुमचा आवाज तेव्हाच चढला, आयुष्यात एकदाच. "खटला असणं हा गुन्हा नाही. तो लपवणं हा आहे! साखळी फेकलीस तेव्हा मला तुझा राग आला नव्हता. आज आलाय."

नव्या अर्जात मी 'होय' लिहिलं. कोर्टानं परवानगी दिली तर खटला चालू असतानाही जाता येतं, हेही माझ्याकडून वाचून घेऊन तुम्हीच शोधलं होतंत. मॅजिस्ट्रेटसमोर माझा जामीन म्हणून तुम्ही उभे राहिलात. ते चकित झाले. "तुम्ही तर सरकारपक्षाचे पंच. हा परत येईल, कशावरून?" छत्री काखेत धरून तुम्ही म्हणालात, "साहेब, साखळी फेकताना याला कोणीही पाहिलं नव्हतं. तरी हा आपणहून पुढे झाला. कोणी बघत नसताना खरं बोलणारा मुलगा आहे. येईल." वर्षाची परवानगी मिळाली, पुढच्या तारखेला हजर राहायच्या अटीवर, आणि पासपोर्टही तेवढ्याच मुदतीचा.

वर्ष सरत आलं तेव्हा तिथला मुकादम म्हणाला, राहा रे, इथे तुला कोण शोधत येतंय. मी आलो. मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलो तर आय एकटीच उभी. "गुरुजी गेलं रं," ती म्हणाली. "म्हैना झाला. तुला लिवलं नाय, तू तिकरं एकला." तारीख दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी मी शर्ट घालताना ती म्हणाली, "जामीनच नाय रायला, आता कोरटान कनाला जातंस?" मी गेलो. पुकारा झाला तेव्हा मी कठड्याशी उभा राहिलो आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. तुमच्या बाकावर कोणी नव्हतं. किरकोळ दंड होऊन खटला पुढे मिटला, ते सोडा.

सांगायचं वेगळंच आहे. साखळी फेकली तेव्हा बांधावर तुम्ही उभे होता, छत्री घेऊन, तोंड माझ्याकडे. तुम्ही पाहिलंय, आता सुटका नाही, म्हणून मी पुढे होऊन 'मीच' म्हणालो होतो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हाही मोतीबिंदू होता आणि हातभर अंतरावरचंही तुम्हाला धड दिसत नव्हतं, हे मला आयनं सांगितलं, त्या धक्क्यावर. कोर्टातलं तुमचं वाक्य तुमच्यापुरतं खरं होतं, गुरुजी. माझ्यापुरतं ते दुसऱ्या दिवशी कोर्टात खरं झालं.