आईचं साठ वर्षांचं दुखणं

चि. धाकट्या,

परवा आईचं ऑपरेशन झालं. एक्क्याण्णवाव्या वर्षी! लघवी अडली म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं, तर तपासता तपासता डॉक्टरीणबाई थबकल्या. "आजी, तुमचं अंग बाहेर आलंय, गर्भाशय खाली उतरलंय. कधीपासून?"

"धाकटा झाला तेव्हापासून," आई सहज म्हणाली. "हाताने आत ढकलते मी."

अरे, तुला साठ पूर्ण झाली! इतकी वर्षं ती तशीच चालली, पाण्याच्या बादल्या उचलल्या, आपली आजारपणं काढली. प्रवासात सारखी बाथरूमला जाते म्हणून मी तिच्यावर किती वेळा खेकसले असेन.

ऑपरेशन पाऊण तासात उरकलं. दुसऱ्या दिवशी ती चालायलासुद्धा लागली. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हे बरं होतं होय? मला वाटलं, सगळ्याच बायकांचं असं असतं."

मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "धाकट्याला कळू देऊ नकोस. त्याला उगाच वाटेल, आपल्यामुळे झालं."

म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही. पोटाचं किरकोळ काहीतरी होतं, असं तिने तुला फोनवर सांगितलंय. तू विचारलंस तर मीही तेच सांगेन. फक्त तेव्हा रडू फुटायला नको.

तुझी,
ताई