बसले की पडले

१२ फेब्रुवारी १९३४

दोन महिने ही वही उघडली नाही, त्याला आळसाखेरीज कारण नाही. आज उघडली ती लाजेने.

सकाळी मिऱ्या बंदरावरचा धाकू तांडेल धापा टाकत कचेरीत आला. "भाऊसाहेब, इमान पाण्यात बसलाय!"

"बसलं म्हणजे पडलं ना?"

"नाय ओ. बसलाय. बदकासारका."

साहेबांना मराठी येत नाही, तर्जुमा माझ्याकडे. विमान पाण्यावर बसेल कसे? मी पदवीधर, हा अडाणी. पावसात घर बसते, विहीर बसते, तसेच हे असणार, असे ठरवून मी इंग्रजीत 'पडले' लिहून दिले. बदक गाळले.

डॉक्टर आणि डोल्या घेऊन आम्ही मिऱ्यावर पोचलो. विमान लाटांवर डुलत होते, अगदी बदकासारखे. वैमानिक पंखावर बसून निवांत बिस्किटे खात होता. साहेब सगळ्या बंदरासमोर धाकूवर इंग्रजीत ओरडले, "खोटारडा!" गलबतांना वाट दाखवण्याचे त्याचे काम तिथेच काढून घेतले. हेही त्याला मराठीत मीच सांगितले. तेवढे मात्र शब्दशः.

तो हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, बसलाय असाच सांगितला ना मी?"

मी बुटांतली वाळू झटकत राहिलो. घाबरलो होतो का? की धाकूपुढे चुकणे मला जड गेले? बदकाला इंग्रजी शब्द मला येत नव्हता, असे तर नाही.

उद्या: कचेरी उघडताच, धाकूला शेजारी उभे करून, साहेबांना सांगणे की 'पडले' हा शब्द माझा होता.