इखराज की खराज

अप्पा, मागच्या आठवड्यात माझ्या गुलबर्ग्याच्या घरी कॉलेजातली एक मुलगी आली होती. जुन्या देसाई घराण्यांवर काहीतरी लिहितेय. तिच्याकडे तुमच्या एका कागदाची नक्कल होती, कुठल्याशा दप्तरातून उतरवून आणलेली, आणि तिनं मला विचारलं, "आजी, त्या थोरल्या देसायाला सुलतानानं खरंच हद्दपार केलं होतं का?" मी तिला चहा दिला आणि सांगितलं की या प्रश्नावर आमच्या घरात एक अख्खा उन्हाळा गेला. ती गेल्यावर मात्र तुमच्याशीच बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

तो उन्हाळा तुम्हालाही आठवत असेल. तुम्ही फारसीचे मास्तर म्हणून शाळेतून मोकळे होऊन राजेश्वरच्या घरी आला होता, आणि मी गुलबर्ग्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, सुटीला आले होते. गावाच्या शिवेवरच्या विहिरीच्या शेताचा वाद तेव्हा तालुक्याच्या कचेरीत चालू होता. एका बाजूला राजेश्वरचे देसाई, ज्यांच्याकडे ते शेत पिढ्यानपिढ्या होतं. दुसऱ्या बाजूला हळ्ळीखेडचं घर, त्याच मूळपुरुषाच्या थोरल्या मुलाचं. राजेश्वरकर म्हणत, बिदरच्या सुलतानानं थोरल्याला फितुरीसाठी मुलखाबाहेर काढलं आणि जमीन धाकट्याला दिली. हळ्ळीखेडकर म्हणत, असं काही झालंच नाही, धाकट्यानं मागाहून शेत बळकावलं. आणि पुरावा काय, तर देसायांच्या पेटीतला सुलतानाचा एक फाटका हुकूम. तरुणपणी, म्हणजे त्या उन्हाळ्याच्या तीस वर्षं आधी, तुम्हीच त्याचा मराठी तर्जुमा करून दिला होता. त्यात तुम्ही लिहिलं होतं, थोरल्याचा इखराज झाला. इखराज म्हणजे हद्दपारी. तो शब्द गावाला इतका आवडला, की हळ्ळीखेडच्या त्या घराला लोक 'इखराजवाले' म्हणू लागले. त्या घरची पोर सांगून आली की पाहुणे पाणी पिऊन उठायचे.

कचेरीनं तुमच्याकडून पुन्हा एकदा तर्जुमा मागवला. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून हुकमाची नक्कल मी वाचायची आणि तुम्ही अर्थ सांगायचा असं ठरलं. मला ती दुपार अजून दिसते. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बसलाय, मी तुमच्या पुढ्यात मांडीवर कागद घेऊन. वाचत वाचत मी त्या ओळीवर येते आणि वाचते, "बा खराज मुकर्रर शुद." म्हणजे शेतसाऱ्याच्या अटीवर जमीन कायम केली.

तुम्ही मान वर करता. "काय वाचलीस?"

"बा खराज."

"ब-इखराज हाय ते."

"अप्पा, अक्षरं तीच हैत. बे, अलिफ, खे, रे, अलिफ, जीम. जोडून लिवल्यावर दोन्ही सारखंच दिसतंय."

तुमचा चेहरा लाल झाला. तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडलात. "चार पोरींना शिकवायलीस म्हणून मला शिकवायलीस व्हय? तुला अलिफ कुणी दाखवला?"

"तुमीच."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "एकाच अक्षरावर बाप-लेक भांडायलाव कामून? जेवा आधी."

तुम्ही जेवला नाहीत. संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून बोटानं मांडीवर तीच सहा अक्षरं गिरवत होता, हे मी दारातून पाहत होते. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काठी घेतली आणि एवढंच म्हणालात, "चल." आपण त्या वादाच्या शेतातल्या विहिरीवर गेलो. पायऱ्यांच्या बाजूला एक लेखाचा दगड बसवलेला होता, त्यावर शेवाळ चढलेलं. मी खाली बसून तो नारळाच्या काथ्यानं घासला, अक्षरांत खडू भरला आणि वाचू लागले. थोरल्या देसायाचं नाव होतं, विहीर बांधल्याचं साल होतं. तुम्ही मला साल तीनदा वाचायला लावलंत. ते हुकमाच्या तारखेनंतर अकरा वर्षांचं निघालं. मुलखाबाहेर काढलेला माणूस अकरा वर्षांनी आपल्याच शेतात विहीर कशी बांधेल? तुम्ही पायरीवर बसलात.

बातमी आपल्या आधी गावात पोचली. राजेश्वरचे देसाई शेतात आले, मागोमाग हळ्ळीखेडचा म्हातारा आपल्या जावयाला घेऊन आला. देसाई म्हणाले, "मुन्शीजी, नातवाला चुलतआज्याचं बी नाव ठेवत्यात की. ही विहीर धाकट्याच्या नातवाची कामून नसंल?"

"असंल," तुम्ही म्हणालात. "तसं बी असंल."

हळ्ळीखेडचा म्हातारा पुढे झाला. दगडावरच्या नावावर त्यानं हात फिरवला, मग तुमच्याकडे वळला. "मास्तर, मला वाचता येत न्हाई. माझा बाप इखराजवाला म्हणून मेला. तुमी फक्त खरं काय ते सांगा."

त्या रात्री तुम्हाला झोप लागली नसावी, सकाळी तुमचे डोळे सुजलेले होते. कचेरीत जाताना तुम्ही शेरवानीची सगळी बटणं लावली होती. साहेबांनी उर्दूत विचारलं, हद्दपारी झाली की नाही, एका शब्दात सांगा. देसाई तुमच्याकडे भरवशानं बघत होते, कारण तुमचाच जुना तर्जुमा त्यांच्या हातात होता. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "हुजूर, एका शब्दात सांगता येत नाही, त्या शब्दाचंच भांडण आहे. तीस वर्षांपूर्वी मी तो एका तऱ्हेनं वाचला आणि दुसरी तऱ्हा असू शकते हे लिहिलं नाही. ती माझी चूक. आज विचाराल तर माझं उत्तर आहे, मला माहीत नाही."

देसाई ताडकन उठले. "मुन्शीजी, लिवून तुमीच दिलं होतं!"

"व्हय. म्हणूनच मोडायला मीच आलो."

भर कचेरीत, ज्या लोकांच्या पोरांना तुम्ही फारसी शिकवली त्यांच्यासमोर, तुम्ही हे बोललात. मी मागच्या बाकावर होते. तुमचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसाच होता.

निकाल अर्धामुर्धाच लागला. वहिवाट जुनी म्हणून शेत देसायांकडेच राहिलं. पण साहेबांनी लिहवून घेतलं की हद्दपारी शाबीत नाही, यापुढे कुठल्याही कागदात हळ्ळीखेडच्या घरापुढे तो शब्द लावू नये. मला वाटलं म्हातारा खचेल. तो कचेरीच्या पायऱ्या उतरून आला आणि भर रस्त्यात तुमच्या पाया पडायला वाकला. तुम्ही त्याला वरच्या वर धरलंत. तो म्हणाला, "शेत ऱ्हाऊ द्या मास्तर. नाव मोकळं झालं." पुढच्याच लग्नसराईत त्याच्या नातीचं लग्न झालं. आपल्याला आमंत्रण होतं. जेवणाच्या पंगतीत तुम्हाला पहिलं पान मांडलं होतं आणि तुम्ही गव्हाची गोड हुग्गी दोनदा मागून घेतली होती. देसाई वर्षभर तुमच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस जुना कागद वाचून घ्यायला त्यांना दुसरं कुणी मिळेना, तेव्हा आपणहून ओसरीवर आले, आणि आईनं काही झालंच नाही अशा थाटात त्यांना चहा दिला.

सुटी संपून मी निघाले, तेव्हा तुम्ही तुमचा फारसीचा कोश माझ्या पिशवीत घातला. गुलबर्ग्याला आल्यावर मी 'खराज'चं पान उघडलं. समासात तुमच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'हेही वाचन होतं. मुलीनं दाखवलं.' एवढी मोठी शाबासकी मला नंतर कुणी दिली नाही. पुढं मी कितीतरी वर्षं मुलींना शिकवलं. एखादी उठून म्हणाली, बाई, हे असंही वाचता येतं, की मी खडू खाली ठेवून तिचं ऐकून घ्यायचे. समाधानानं दिवस गेले, अप्पा. तक्रार नाही.

एकच सांगायचं राहिलं. तुम्ही असेपर्यंत तोंडातून निघालं नाही. त्या दुपारी आईच्या चुलीपाशी मी ती ओळ मनात आधी वाचली होती, आणि तुमच्यासारखंच इखराज वाचलं होतं. मला त्यात काही शंका आली नव्हती. तुम्ही कधीच चुकत नाही याचा तेव्हा मला कंटाळा आला होता. एकदा तरी तुम्हाला अडवावं, म्हणून मी खराज म्हणाले.