पाच घरांच्या किल्ल्या

बुध. २ मार्च ९४
लवकर निवृत्तीच्या फॉर्मवर काल सही करून आलो. वय एक्केचाळीस. बावीस तारखेपर्यंत मागे घेता येतो. तोवर साठलेली रजा काढलीय, घरी बसणं कसं असतं ते बघू.
सुमनला आज सांगितलं. भाकरी उलटत म्हणाली, "सही झाल्यावर बायकोला विचारताय होय?"
माझे वडील, अप्पा, अठ्ठावन्नला नोकरीतून सुटले, एकोणसाठला गेले. मला तसं जायचं नाही. एवढंच आहे माझं.

शुक्र. ४
दुपारी आडवा झालो तर सुमन गायब. दाराजवळच्या खिळ्यावरचे किल्ल्यांचे पाच जुडगेही नाहीत. घामाघूम होऊन आली. नळाला पाणी दीडला येतं, जेमतेम पाऊण तास. बिल्डिंगमधली नोकरीवाली पाच घरं हिच्याकडे किल्ल्या ठेवून जातात, ही सगळ्यांची पिंपं भरते. अकरा वर्षं. आणि मला पत्ताच नाही.

मंगळ. ८
म्हटलं, आता मी आहे ना, किल्ल्या दे.
"जमेल?"
"पाणी भरायला काय अक्कल लागते?"
दिल्या. सुमन दुपारी झोपली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तिला दुपारी झोपलेली पहिल्यांदा पाहिली.

सोम. १४
माती खाल्ली. तिसऱ्या मजल्यावर मेहताबेनचा नळ सोडला, चौथ्यावर पळालो, तिथून गच्चीवर टाकी बघायला. वर खाडीचा वारा लागला म्हणून टेकलो. टेकलो तो टेकलोच. खाली मेहताबेनचा वर्षाचा गहू, परवाच एरंडेल लावून पोत्यात भरलेला, पार भिजला.
संध्याकाळी बाई बँकेतून आल्या त्या थेट आमच्या दारात. माझ्याकडे बघेचनात. सुमनला म्हणाल्या, "भाभी, आपके टाइम में ऐसा कभी नहीं हुआ." मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुमन त्यांच्याकडे गहू पसरायला गेली.

गुरु. १७
किल्ल्या परत तिच्याकडे. घरात धुसफूस. शेवटी मीच विचारलं, फॉर्म मागे घेऊ का?
"तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, माझा फॉर्म कुठल्या टेबलावर मिळतो?"
हसून म्हणाली असती तर चाललं असतं.

सोम. २१
उद्या तीनच्या आत पत्र दिलं नाही तर नोकरी सुटली. जीव थाऱ्यावर नाही. सुमनला म्हटलं, किल्ल्या ज्याच्या त्याला देऊन टाक.
"मग मेहताबेन रोज दीडला रजा काढणार?"
चिडलो, ताट तसंच ठेवून उठलो. अप्पासुद्धा असेच उठायचे.

मंगळ. २२
सकाळीच निघणार होतो. सुमनला ताप. डॉक्टर, औषध, पेज करता करता एक वाजला. फॉर्म मागे घ्यायचं पत्र खिशात आहे, पायात बूट आहेत. आत्ता निघालो तर तीनच्या आत ऑफिसात पोचतो. पाणी भरून निघालो तर नाही.
नळ फुसफुसायला लागलेत. ती उठायला बघत होती, म्हटलं पडून राहा. जुडगे हातात घेऊन उभ्याउभ्या लिहितोय.
आतून म्हणतेय, "मेहताबेनचं आधी भरा. आणि तिथून हलू नका."