ताईचं 'हार्ड', माझं 'इझी'

रविवार, संध्याकाळ

आज ताई वैभववाडीहून शिरोड्याला आली, ती फक्त गेम खेळायला. कॉलेजात असताना आम्ही दोघांनी बंदुकीचा एक गेम संपवला होता, त्याचा दुसरा भाग आत्ता आलाय. वीस वर्षांनी! मी आठवडाभर गुपचूप 'इझी'वर खेळतोय. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, पण हे तिला कसं सांगणार?

ताईने चष्मा पुसला आणि सरळ 'हार्ड' लावलं. पहिल्याच दारात मेली. मग त्याच दारात अकरा वेळा मेली, आणि दर वेळी हसली. घाम मात्र मला फुटला, कारण पुढची पाळी माझी होती. शेवटी बोलून टाकलं.

"ताई, मी इझीवर खेळतंय."

"माका ठावक आसा रे! तुझ्या जुन्या खेळाफुडे पडद्यावरच लिवलेला आसा. इझी लाव आता. पुढे काय झाला, ता माका बघूचा आसा."

एवढंच? आणि मी उगाच आठवडाभर लाजत होतो. मग जेवण विसरून खेळलो. शेवटचा राक्षस ताईनेच पाडला आणि अशी किंचाळली, की शेजारच्या काकू मासे कापायचा कोयता घेऊनच धावत आल्या.