लक्ष्मीप्रसादमधला क्ष

मुरुड. नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार.

जमलं! होडीवर नाव मी घातलं, माझ्या हाताने. बोटांना अजून ऑइलपेंटचा वास येतोय आणि तो घालवायची मुळीच इच्छा नाही.

वर्षभर घरात बसून अक्षरं गिरवते, चित्रं रंगवते, ते वेगळं. धाकट्या भावाची, सुरेशची, नवी होडी म्हणजे सगळ्या कोळीवाड्यासमोर परीक्षा. त्याने आधीच बजावलं होतं, "ताई, बिघडला तर पेंटर बोलवीन हां."

'ल' छान उतरला. 'क्ष'पाशी अडले. होडीची बाजू गोलाकार, त्यात ब्रश घसरत होता. दोनदा पुसला तो क्ष. मागे बायका कुजबुजू लागल्या. सोडून द्यावं का?

मग कसं कोण जाणे, मी गुणगुणायला लागले. बाबा हळदीला बेंजोवर वाजवायचे ती चाल. लहानपणी ते घरी सराव करायचे आणि मी शेजारी बसून त्या चालीबरोबर जमिनीवर खडूने वेटोळी काढायचे. तसाच हात आज सैल झाला. क्ष एका दमात वळला आणि पुढचं नाव सरसर येत गेलं.

सुरेश लांब जाऊन बघत राहिला. मला वाटलं, नाही आवडलं. मग जवळ येऊन म्हणाला, "खाली तुझा नाव टाक की. पेंटर लोक टाकतात ना?"

टाकलं. पेंटर कल्पना. चांगलं ठसठशीत.