तळ्यावरून आलेली हाक

प्रिय धाकट्या,

रोज फोनवर डोकं खाणारी ताई आज पत्र कसलं लिहितेय, असं तुला वाटेल. सांगते, पण आधी घरचं ऐक. बाबा बरे आहेत. जेवण व्यवस्थित, कुरकुर त्याहून व्यवस्थित. दुकानात सुट्टीमुळे लहान मुलांच्या चष्म्यांची गर्दी आहे. परवा एका चिमुरडीला पहिलाच चष्मा घातला, तर तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही म्हाताऱ्या आहात." मी तिची फ्रेम जरा घट्ट बसवली.

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून बाबांना घेऊन तळ्यावर गेले. किती दिवस ते मागे लागले होते. तू येणार, नात येणार, त्याआधी मासे कुठे लागतात ते बघून ठेवायला हवं म्हणे. गळ, गांडुळांचा डबा, उकडलेली अंडी, पाव, पाण्याची बाटली आणि त्यांची ती चेमटलेली टोपी, असा सगळा संसार घेऊन आम्ही निघालो. तुला आठवतं ना, लहानपणी ते मासा पकडायचे, त्याला "इतका बावळट कसा रे तू" म्हणून दरडावायचे आणि परत पाण्यात सोडायचे? अजून तेच करतात. सकाळी दोन मासे असे बोलणी खाऊन परत गेले. मी वर झाडाखाली सतरंजी टाकून लवंडले होते. खरं सांगते, इतकं निवांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुपारी उकाडा वाढला तशी सगळीकडे सामसूम झाली. होड्या भाड्याने देणारा माणूस शेडला कुलूप लावून जेवायला गेला. काठावर आम्ही दोघंच. वारा पडला, पाखरं गप्प झाली, बाबांच्या गळाचं बूच पाण्यावर खिळा मारल्यासारखं उभं होतं. पाणी इतकं स्थिर की त्याच्याकडे बघवेना. आणि तळ्याच्या मधून कुणीतरी हाक मारली, "खडूताई."

मला वाटलं, डुलकीत ऐकलं. मी शाळेत खडू खायचे हे तुझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आहे? त्या नावाने जगात तू एकटाच हाक मारतोस. पुन्हा हाक आली. तुझाच आवाज, शेवटी जरा लाडात ओढलेला. मी उठून बघितलं. होडी नाही, पोहणारं डोकं नाही, पलीकडच्या काठावर चिटपाखरू नाही. मी काही बोलणार, तोच बाबा बुचावरची नजर न हलवता म्हणाले, "अरे, तू रविवारी येणार होतास ना?"

धाकट्या, बाबांच्या कानाचं मशीन तेव्हा त्यांच्या कानात नव्हतं. घामाने खराब होतं म्हणून त्यांनी ते काढून माझ्याजवळ सतरंजीवर ठेवलं होतं. मशीन नसलं की त्यांना दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही, तुला माहीत आहे.

पाण्यावरून उत्तर आलं. "लवकर सुटलो, बाबा. पाणी छान आहे. या ना."

त्यांनी गळ खाली ठेवला, आपल्याला पोहायला शिकवताना दुमडायचे तशी पॅन्ट दुमडली आणि चालायला लागले. मी धावत पोचेपर्यंत ते कमरेएवढ्या पाण्यात गेले होते. मी त्यांचा पट्टा धरला. माणूस काडीसारखा झालाय, पण मला आवरेना. "सोड, पोरगा बोलावतोय," एवढंच म्हणत होते, तेही रागाने नाही, समजूत घातल्यासारखं.

तेव्हाच मी तुला फोन लावला होता. "कुठे आहेस?" असं विचारलं होतं ना, ते त्या पाण्यात उभं राहून. मागे तुझ्या वॉर्डातलं मशीन टिकटिकत होतं, कुणी पेशंट तुला सिस्टरला बोलवा म्हणून सांगत होता. तू म्हणालास, "कामावर, आणखी कुठे? ऊन लागलं का तुला?" आणि हसलास. मी फोन खाली घेतला, आणि तळ्यावरून तेच हसू आलं. जरा उशिरा. कुणीतरी जमतंय का ते करून बघावं तसं. बाबाही हसले. मग एकदम थांबले, मी ओढलं तसे काठावर आले आणि मला विचारायला लागले, "आपण भिजलो कशाने?"

त्यांना आता काही आठवत नाही. मी तुला त्या दिवशी काही सांगितलं नाही, कारण उन्हाने डोकं फिरलं असेल, असंच मलाही मानायचं होतं. पण काल दुपारी दुकानात तुझा फोन आला. रजा आधीच मिळाली, पोरीला घेऊन निघालोय, घरी वळसा कशाला, तू बाबांना घेऊन थेट तळ्यावरच ये, असं तू म्हणालास. आवाज तुझा, नंबर तुझा. पण तुझ्यामागे काहीच नव्हतं रे. ना वॉर्ड, ना रस्ता, ना पोरीची बडबड. मी बरं म्हणून ठेवून दिला आणि तेव्हापासून तुझा एकही फोन घेतलेला नाही. कदाचित तो तूच असशील, मग माझ्यावर पोटभर हस. पण येऊ नकोस, पोरीला तर आणूच नकोस, आणि मी फोनवर ये म्हणाले तरी ऐकू नकोस. तो फोन तू केला होतास की नाही, एवढं स्वतःच्या हाताने कागदावर लिही आणि कुरिअरने पाठव. अक्षराची नक्कल त्याला जमत नसेल, असं धरून मी बसले आहे.

तुझ्या दोन ओळींसाठी दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
ताई